‘इतर’च्या रकान्यातलं

मागच्या आठवड्यात कॉलेजात एक फॉर्म आला. ‘आपल्या संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम, २०० शब्दांत. सोबत पुरावे जोडावेत.’ पुरावे म्हणजे जिओटॅग केलेले, जागेची नोंद असलेले फोटो, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. स्टाफरूममध्ये डबा खाता खाता चर्चा सुरू झाली. एकाकडे झाडं लावतानाचे फोटो होते. दुसऱ्याने विचारलं, “रक्तदान शिबिर चालेल का हो?” ते शिबिर कुणाच्या संशोधनातून निघालं होतं, हे विचारायचं मी टाळलं. डबा गार होत होता.

माझा रकाना अजून कोरा आहे. म्हणून आधी इथे लिहून बघते.

मी सांगलीत एमबीएच्या मुलांना मार्केटिंग शिकवते. माझी पीएचडी बेदाण्याच्या विक्रीवर आहे. हा विषय घरातूनच आला. वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याची पट्टी लिहायची, हे त्यांचं काम. इतके बॉक्स, इतकं वजन, हा दर, त्यातून हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, आणि खाली हातात पडणारा आकडा. वडील सांगायचे, निरक्षर माणूससुद्धा पट्टी वाचतो. कुणाकडून तरी वाचून घेतो, मग घडी करून खिशात ठेवतो आणि एसटीत बसल्यावर परत उघडून बघतो.

माझा प्रबंध साडेतीनशे पानांचा. तो कुणी एसटीत उघडल्याचं ऐकिवात नाही.

तासगाव, कवठे महांकाळ आणि मिरज तालुक्यांत फिरून मी प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. सावळजपासून नागजपर्यंत बेदाण्याची शेड पालथी घातली. पूर्वेकडची हवा कोरडी, म्हणून तिकडे शेड जास्त. द्राक्षाचे घड डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायचे. दोनेक आठवडे वाळले की झाडून खाली पाडायचे. साधारण चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. मधेच अवकाळी आला तर आख्खं शेड काळं पडतं. अशा दिवसांत एक बाई वही घेऊन उभी राहते आणि विचारते, “मालाची विक्री करण्यापूर्वी आपण किती बाजारपेठांतील दरांची तुलना करता? अ) एक ब) दोन क) दोनपेक्षा जास्त ड) इतर.” आता आठवलं तरी कानकोंडं होतं. लोक चांगले. चहा द्यायचे, मूठभर बेदाणा हातावर ठेवायचे आणि ‘एक’वर खूण करायचे.

निष्कर्ष काय निघाला? शेतकरी दरांची तुलना करत नाहीत, सबब त्यांच्यात बाजारभावाविषयी जागरूकता वाढवणे आवश्यक आहे. आमच्याकडचे बहुतेक प्रबंध याच वाक्यावर संपतात. विषय विम्याचा असो, बचतगटाचा असो की मोबाइल बँकिंगचा, शेवटी जागरूकता वाढवायची असतेच. त्यावर इंग्रजीत पेपर लिहिला, फी भरून छापून आणला आणि बढतीसाठीचे गुण मोजले. २०१० पासून यूजीसीच्या नियमांत हे गुणांचं प्रकरण आलं. तेव्हापासून आम्ही सगळे दुकानदारासारखे पेपर मोजतो. पेपर छापून आलेला अंक वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट केला आणि एवढंच विचारलं, “ज्यांना विचारलंस त्यांना दाखवलास का?”

मी म्हटलं, “अण्णा, तशी पद्धत नसते.”

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आमचं घर गावभागात. पाणी चढायला लागलं तेव्हा आई-अण्णांना घेऊन विश्रामबागला बहिणीकडे गेलो. आठवड्यानंतर परत आलो तर खालच्या खोलीत चिखल आणि त्यात प्रश्नावल्यांची दोन खोकी. आकडे कधीच कॉम्प्युटरात गेले होते, टाकून दिलं असतं तरी चाललं असतं. पण अण्णांना लिहिलेला कागद टाकवत नाही. त्यांनी एकेक गठ्ठा सोडवून गच्चीवर दोऱ्यांवर घातला. कागदांना कितीतरी दिवस कुबट वास येत होता. उलटेपालटे करताना ते वाचत बसले आणि मला वर हाक मारली.

“ह्यात ‘इतर’ म्हणून लिहिलंय ते तू कुठं घेतलंस?”

कुठेच घेतलं नव्हतं. ‘एक’वर खूण करूनही ‘इतर’पुढे प्रत्येकाने आपापल्या शब्दांत काही लिहिलं होतं, त्याला कोड देता येईना. गाइडही म्हणाले होते, सोडून द्या. आता त्या पाणी लागलेल्या कागदांवर पेन्सिलीने लिहिलेलं तेवढं टिकलं होतं. शाई बहुतेक पसरली होती. ‘उचल घेतली हाय.’ ‘औषधाची उधारी त्येंच्याच ओळखीनं.’ ‘पोरीच्या लग्नाला त्येंनीच दिलं.’ ‘दुसरीकडं माल घातला तर पुढल्या साली कोण उभं करंल.’ एकाखाली एक हेच. ‘एक’वर खूण करणाऱ्यांना भाव कळत नव्हते असं नाही. मोबाइलवर रोजचा भाव त्यांना माझ्याआधी कळायचा. अडत्याची उचल अंगावर होती, म्हणून माल त्याच्याकडेच जात होता. दिवाणजीच्या मुलीला, जिच्या बापाने उभा जन्म पट्टीत ‘उचल वजा’ लिहिली, तिला हे दिसू नये!

अण्णा काही बोलले नाहीत. न बोलण्यात ते तरबेज आहेत.

दिवाळीनंतर मी सावळजला गेले, प्रश्नावली भरून दिलेल्या एका काकूंकडे. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे, म्हणजे लिलाव, महिनाभर बंद असतात. व्यापारी जुनी देणी फेडून ‘झिरो पेमेंट’ करतात, मगच नवे सौदे. त्यामुळे लोकांना बोलायला वेळ होता. काकूंना माझा निष्कर्ष मराठीत वाचून दाखवला. त्या हसल्या, पण वाईट वाटेल असं नाही. म्हणाल्या, “बाई, भाव ठावं असून काय करू? माल कोल्ड स्टोरेजला ठिवला तर भाडं मला, याज मला. तवर खतवाला दारात. तुमी मला येवढंच सांगा, किती दिस ठिवला तर परवडंल.”

माझ्या साडेतीनशे पानांत हा प्रश्नच नव्हता. उत्तर तर सोडाच.

पुढच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या प्रोजेक्टला तीन मुलांना कंपनीऐवजी याच हिशोबावर बसवायचं ठरवलं. लॉकडाऊनमुळे ते वर्षभर लांबलं. तिघांच्याही घरी द्राक्षबाग. एकाचे वडील मला भेटायला आले, “मॅडम, शेडवर बसायला एमबीए कशाला?” रास्त प्रश्न होता. कसंबसं समजावलं. मुलांनी कोल्ड स्टोरेजचं भाडं, उचलीवरचं व्याज, बॉक्समागे धरली जाणारी तूट, सौद्यात नमुना उधळून वाया जाणारा माल, पैसे हातात येईपर्यंतचे दिवस, सगळं गोळा केलं. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचंही बघितलं. बाजार समितीत माल ठेवून सहा टक्क्यांनी कर्ज मिळतं, ती योजना १९९०-९१ पासून आहे. मुलांना ती माहीत नव्हती. मला परीक्षेपुरती माहीत होती.

मुलांनी छान रंगीत तक्ता केला. अण्णांनी तो बाजूला ठेवला आणि जुन्या पट्टीसारखा एक कागद आखून दिला. वर मालाची किंमत, खाली एकेक वजावट, शेवटी आकडा. ‘आज विकला तर’ आणि ‘तीन महिने ठेवला तर’ असे दोन रकाने शेजारी शेजारी. एक पान, मराठीत. झेरॉक्स काढून वाटले.

पहिल्याच दिवशी काकूंनी चूक काढली. ठेवलेला माल परत निवडून घ्यावा लागतो, त्या बायकांची मजुरी आम्ही धरलीच नव्हती. ती मजुरी घेणाऱ्या दोघी शेजारीच बसल्या होत्या, त्याही ‘व्हय’ म्हणाल्या. ती ओळ घातल्यावर दोन रकान्यांतला फरक चांगलाच कमी झाला. म्हणजे ‘थांबा आणि विका’ हा जो सल्ला मी आता भाषणातून देणार होते, तोही बऱ्याच जणांसाठी खोटा ठरला असता.

बाहेरच्या जगात संशोधनाच्या सामाजिक परिणामाचं सध्या चांगलंच वारं आहे. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं सरकारी मूल्यमापन होतं. त्यात २०१४ साली समाजावरच्या परिणामाला २० टक्के वजन होतं, २०२१ मध्ये ते २५ टक्के झालं. बिझनेस स्कूलना मान्यता देणाऱ्या एएसीएसबीने २०२० च्या निकषांत सामाजिक परिणाम घातला. आपल्या एनआयआरएफमध्येही, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीत, ‘आउटरीच’ नावाचा भाग आहे. पण त्यात परराज्यातली मुलं किती, मुली किती, दिव्यांगांसाठी सोयी काय, हे मोजतात. त्या गोष्टी हव्यातच. पण संशोधन कुणाच्या हाती पडलं का, हा प्रश्न त्यात नाही. आणि आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही. धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ झाले. शिफारस लिहून मोकळे झाले नाहीत, ताळेबंदाला जबाबदार राहिले. त्यांच्याशी माझी तुलना नाही. मी एक झेरॉक्स वाटला.

त्या झेरॉक्सने काय झालं, ते फॉर्ममध्ये कसं लिहू? भाव वाढला नाही. उचल सुटली नाही. काकूंनी कागद दुकानात नेऊन, पैसे आठ दिवस उशिरा मिळाले तर माझं इतकं जातं, असं अडत्याला दाखवलं. त्याने तारीख लिहून दिली. पाळली की नाही, ते काकूंनी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. नागजच्या एकाने हिशोब करून माल लगेच विकून टाकला. पुढे भाव चढला तेव्हा त्याने मला फोनवर चार शब्द सुनावले. हाही परिणामच की. याचा जिओटॅग फोटो माझ्याकडे नाही.

काल प्रश्नावल्यांच्या वेळचे जुने नंबर चाळत होते, तेवढ्यात सावळजवरून फोन आला. शेडच्या खांबाला लावलेला कागद पावसाने गेलाय, नवा पाठवा, आणि यंदा कोल्ड स्टोरेजचं भाडं बदललंय ते घालून पाठवा. अण्णांना सांगितलं. त्यांनी पट्टी आखायला घेतली आहे. या वेळी खाली ‘इतर’ला चार ओळी मोकळ्या सोडल्यात.