शालीतला संत्र्याचा वास

जानेवारीतल्या त्या सकाळी नाशिकमध्ये कडाक्याची थंडी होती आणि गंगापूर रोडवरील माझा दवाखाना नुकताच उघडला होता, तोच एक आजी शालीत गुंडाळलेला बोका छातीशी धरून आत आल्या. त्याची लाळ गळत होती, अंग थरथरत होते आणि टेबलावर ठेवताच मागचे पाय फाकून तो कुशीवर कोसळला. तापमान ९५ अंश फॅरनहाइट भरले; निरोगी मांजराचे ते १०० ते १०२.५ असते.

लाळ आणि थरथर एकत्र दिसली की आधी कीटकनाशकाची शंका येते. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात तर येतेच. त्या विषावरच्या ॲट्रोपिन या औषधाची कुपी मी हातात घेतलीही होती. पण त्या विषबाधेत आकसतात तशा डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या नव्हत्या, आणि शाल बाजूला करताच संत्र्याचा दाट वास आला.

"आजी, याच्या अंगाला काय लावलंत?"

"पिसवा झाल्या होत्या हो. औषध नको म्हणून रात्री संत्र्याचं तेल चोळलं. नैसर्गिकच ना ते?"

त्यांच्या मायेत खोट नव्हती, म्हणूनच मला फार वाईट वाटले. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन हे मांजराला विषारी ठरणारे द्रव्य असते. ते कातडीतून शिरते, शिवाय मांजर अंग चाटत असल्याने पोटातही जाते. आणि असे पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याची जी शक्ती माणसाच्या किंवा कुत्र्याच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते.

खरा पेच पुढे होता. तेल अंगावर राहिले तर विष शिरतच राहणार, आणि धुवावे तर आधीच गार पडलेला जीव आणखी गारठणार. शेवटी खोलीत हीटर लावला, भांडी घासायचा सौम्य द्रव साबण कोमट पाण्यात कालवून त्याला दोनदा धुतले, कारण नुसत्या पाण्याने तेल निघत नाही, आणि लगेच कोरडे करून गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये ठेवले. उलटी मुद्दामच करवली नाही. तेल फुप्फुसात गेले असते तर निस्तरणे कठीण होते. शिरेतून कोमट सलाइन सुरू केले. या विषावर उतारा नाही. ऊब आणि सलाइन देत वाट पाहायची.

दुपारी थरथर थांबली. संध्याकाळी तापमान ९९.८ झाले आणि आजींचा आवाज ऐकून बोक्याने मान उचलली. जांघेतली कातडी मात्र लाल झाली होती. तिला बरे व्हायला आठवडा लागला. तपासणीसाठी शेवटचे आल्या तेव्हा आजींच्या पिशवीत बारीक दातांची फणी होती, आणि माझ्या टेबलाशी बसूनच त्या एकेक पिसू काढून साबणाच्या पाण्यात टाकत होत्या.