पहिली तीन प्रकरणं
आज टिळक रोडवर नवलेखकांच्या संमेलनाला जाऊन आले, गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला त्यामुळे उद्घाटनाची भाषणं हुकली (बरंच झालं म्हणा). आधी पाठवलेली पानं संपादक मॅडमनी चक्क वाचलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा. म्हणाल्या, "पहिली तीन प्रकरणं काढून बघा, गोष्ट चौथ्यात सुरू होतेय." अहो, त्या तीन प्रकरणांत माझे दोन पावसाळे गेलेत! रागारागात बाहेर येऊन साहित्य परिषदेच्या, म्हणजे १९०६ पासूनच्या त्या संस्थेच्या, दारापाशी उभ्याउभ्याच मोबाईलवर फाईल उघडली. प्रकरण चार: 'आजीने कुलूप लावलं आणि किल्ली विहिरीत टाकली.' आईशप्पथ, हेच की! डिलीट मात्र करवत नाहीये, सध्या नुसती दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकलीयेत.