झिजलेली बाजू

नवी चप्पल चावते. हॉकीचा नवा इनलाइन स्केट, म्हणजे तळाला एका रांगेत चाकं असलेला बूट, त्याही पुढचा. तो पायाला आपल्या घरात घ्यायलाच तयार नसतो. चेंडू असो की पक (चेंडूऐवजी वापरतात ती चकती), जोरात येऊन घोट्यावर आदळला तरी आतलं हाड शाबूत राहावं म्हणून बूट कडक बनवलेला. त्यामुळे पहिले काही दिवस हाड शाबूत आणि बाकीचा पाय बेजार. बोटं पुढे टेकतात, घोट्याच्या आतल्या बाजूला एक ठिपका लाल होतो, आणि पाऊल जिथे वाकतं तिथे लेसचा काच बसतो.

काही बूट ओव्हनमध्ये गरम करून पायाला बसवून घेता येतात. सगळे नाही, म्हणून आधी कंपनीची सूचना वाचायची, चाकं काढून ठेवायची आणि तापमान दिलंय त्यापेक्षा एक अंशही वाढवायचं नाही. मग गरम बुटात पाय घालून लेस वर न खेचता बाजूला ओढत आवळायची आणि बूट थंड होईपर्यंत खुर्चीत गप्प बसायचं. मी हे केलं. बूट थोडा नमला. उरलेलं काम घरात फेऱ्या मारून झालं. आठवडाभर मी स्वयंपाकघरातून खोलीत अशी जात होते, की जणू एखादी फार उंच व्यक्ती पाहुणी आली आहे.

बूट पायात रुळला की नाद लागतो चाकांचा, आणि तो खरा खर्चिक. चाकाच्या अंगावर दोन आकडे असतात: एक व्यास, दुसरा कडकपणा. माझ्या स्केटला पुढे ७६ मिलिमीटरची दोन आणि मागे ८० ची दोन. बुटाखाली चाकं धरणाऱ्या पट्टीतली भोकंच वरखाली पाडलेली असल्यामुळे चारही जमिनीला टेकतात, पण पुढचा भाग खाली येतो आणि वळायला सोपं जातं. कडकपणा मोजतात 'शोर ए' मापाने; आकडा मोठा, तेवढं चाक कडक. आतल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या फरशीवर ७४-७६ ची मऊ चाकं पकड देतात. तीच डांबरावर नेली तर खोडरबरासारखी उडतात. तिथे ८२-८४ ची कडक हवीत. वजनदार खेळाडू एकाच मैदानावर हलक्या खेळाडूपेक्षा कडक चाक घेतो, कारण मऊ चाक त्याच्याखाली दबतं आणि पळताना पाय चिखलात असल्यासारखा वाटतो.

नवी चाकं लावून पहिल्या दिवशी मैदानात उतरू नये, निदान मॅच तरी खेळू नये. त्यांच्यावर एक चकाकी असते, ती उतरेपर्यंत महागडं चाकही घसरतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

बेअरिंगबद्दल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आतल्या कड्यांबद्दल, एवढंच, की आठ चाकांची सोळा असतात, आणि डब्यावरचा 'एबेक'चा आकडा वेगाचा नसून घडणीतल्या अचूकतेचा असतो. चाक हवेत धरून बोटाने फिरवायचं आणि किती वेळ फिरतंय ते कौतुकाने बघायचं, हा खेळ आम्ही सगळेच खेळतो. आपण त्यावर उभे राहिलो की त्या कौतुकाला फारसा अर्थ उरत नाही. दोन बेअरिंगांमधली छोटी नळी, स्पेसर, मात्र हरवू देऊ नका. ती नसेल तर स्क्रू आवळताच चाक जागीच अडखळतं. माझी एक कपाटाखाली गेली ती गेलीच.

तर मी आकडे बदलत राहिले. ७४, मग ७६, मग पुढे मऊ आणि मागे कडक अशी खिचडी. दर वेळी वाटायचं, आता खेळ सुधारणार. मग चाकांची फेरबदल करायची वेळ आली. कड झिजली की चाक दुसऱ्या पायात, झिजलेली बाजू बाहेर येईल असं लावायचं आणि जागाही बदलायची; माझ्या जोडीत अर्थातच ७६ शी ७६ आणि ८० शी ८०. म्हणजे टोकाची मधे, मधली टोकाला. टोकाची जास्त झिजलेली असतात, त्यामुळे मधली आपोआप जराशी खाली आलेली असतात आणि स्केट डोलत सहज वळतो. मी नियमाने सगळी फिरवली आणि दुसऱ्या दिवशी स्केट रुळावरच्या डब्यासारखा सरळच जायला लागला. झिजकी चाकं मधे गेली होती ना! लंडनच्या रॉबर्ट टायर्सने १८२३ मध्ये पेटंट घेतलेल्या 'रोलिटो' नावाच्या स्केटला एका रांगेत पाच चाकं होती आणि मधलं मोठं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळलं होतं, ते मी उलटं करून दाखवलं.

स्केट वळत नाही म्हणून आमच्यातल्या एका जुन्या खेळाडूकडे घेऊन गेले. त्याने चाकं पाहिली. माझा कडकपणाचा आकडा विचारलाच नाही.

"उजव्या पायाची आतली कड बघ आणि डाव्याची बघ," तो म्हणाला. पण मी सगळी फिरवून ठेवलेली. "कुठलं कुठे होतं ते आठवतंय का?"

आठवत होतं. एका पायाच्या चाकांची आतली कड ढलप्यासारखी उतरलेली होती, दुसऱ्याची त्याच्या निम्मीही नाही.

"दादा, मग?"

"मग काय? तू उजवीकडे वळतच नाहीस. थांबतेस तीही डावीकडे गोल घेऊन. सगळा भार उजव्यावर. मला वाटायचं, मुद्दाम करतेस."

मुद्दाम नव्हतं. चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला की मी डावीकडून अख्खी फेरी मारून तिथे पोचायचे आणि उशीर झाल्याचा दोष चाकांना द्यायचे. झिजलेली कड फिरवून आत-बाहेर केली की पुरावाही पुसला जायचा.

आता सरावाच्या शेवटी मी दहा मिनिटं फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. पहिल्या दिवशी दोनदा पडले, दोन्ही वेळा त्याच कुल्ल्यावर. परवा फेरबदलासाठी चाकं काढली, तेव्हा डाव्या पायाच्या पहिल्या चाकाची आतली कड नखाएवढी मळकट झालेली दिसली. बाकीची फिरवली. ते एक आहे तिथेच परत लावलं.