मंदी म्हणजे नक्की काय रे भाऊ?

आपल्याकडे मंदी हा शब्द इतका स्वस्त झालाय की विचारू नका. पितृपक्षात सराफाकडे गर्दी नसली की मंदी, सेन्सेक्स चार दिवस आपटला की मंदी, आणि पेपरात तर कुठल्याही आकड्यावर 'मंदीचं सावट' असतंच. अर्थशास्त्रवाल्यांचा साधा हिशेब असा की जीडीपी, म्हणजे देशात तयार होणाऱ्या सगळ्या माल-सेवांची एकूण किंमत, सलग दोन तिमाही घटला तर मंदी. नुसता वाढीचा वेग कमी झाला तर ती सुस्ती, ज्याला टीव्हीवर स्लोडाऊन म्हणतात.

२०१९ आठवा. ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली, पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ब्लॉक क्लोजर लागले, म्हणजे कंपनी काही दिवस बंद, कायमवाल्यांचा ओव्हरटाइम गेला आणि कंत्राटी पोरांना 'गरज लागली की फोन करू' म्हणून घरी बसवलं. नोव्हेंबरात अर्थमंत्री निर्मला सीतारामन राज्यसभेत म्हणाल्या की ग्रोथ कमी झाली असेल पण ही मंदी नाही. लोक जाम खवळले. आता व्याख्येने बघितलं तर त्या बरोबरच होत्या, दोनच दिवसांनी जीडीपी वाढीचा तिमाहीचा आकडा आला ४.५ टक्के, कमी का होईना वाढच. पण ज्याचा हप्ता थकलाय त्याला हे ऐकवून बघा!

व्याख्येतली मंदी आली ती २०२० मध्ये, कोरोनात. एप्रिल-जूनमध्ये जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी घसरला, पुढची तिमाहीही उणेच, तेव्हा वाद घालायला कुणाला जागाच उरली नाही.

बरं ही दोन तिमाहीची व्याख्याही काही दगडावरची रेघ नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये आधी जाहीर झालेल्या आकड्यांत सलग दोन तिमाही उणे होत्या, तरी तिथे मंदी ठरवणारी जी अर्थतज्ज्ञांची समिती आहे तिने मंदी जाहीर केलीच नाही, कारण नोकऱ्या वाढत होत्या.

त्यापेक्षा मार्केट यार्डातले व्यापारी बरे, ते 'मालाला उठाव नाही' म्हणतात आणि कुठल्या मालाला तेही सांगतात. आणि पेपरवाल्यांनी निदान शेअर बाजाराची बातमी वेगळी ठेवावी, तिथली तेजी-मंदी म्हणजे भावाचा खेळ, तिथला मंदीवाला, म्हणजे भाव पडण्यावर पैसे लावणारा, तर भाव पडले की कमावतो.