बासरीवाला बाहेरच

रॉक संगीतातल्या मानकऱ्यांना आत घेणाऱ्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या संग्रहालयाची नामांकनं आली की अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधल्या आमच्या ऑफिसच्या पँट्रीत आठवडाभर काम कमी आणि भांडणं जास्त होतात. यंदा मीही तोंड उघडलं. कारण जेथ्रो टल हा ब्रिटिश रॉक बँड.

यांची पहिली रेकॉर्ड 1968 ची. पहिल्या रेकॉर्डला 25 वर्षं झाली की बँड पात्र ठरतो, म्हणजे 1993 पासून ही मंडळी दाराबाहेर ताटकळत आहेत. आत घेणं सोडाच, अजून साधं नामांकनही नाही. हे मी बोलून दाखवलं तर टेस्टिंग टीममधले एक काका (पांढरी पोनीटेल, दर शुक्रवारी डीप पर्पल बँडचा टीशर्ट) शांतपणे म्हणाले, "बासरीवाला कसला रॉक?"

डोकंच फिरलं माझं. बासरीवरून आम्हाला शिकवता?

अहो, टलचा गायक-बासरीवादक इयान अँडरसन मुळात गिटारच वाजवायचा. गिटारवादक एरिक क्लॅप्टनला ऐकल्यावर या रांगेत आपला नंबर लागायचा नाही हे त्याने ओळखलं आणि बासरी उचलली. एका पायावर उभं राहून, फुंकता फुंकता घशातून गुरगुरत तो जे वाजवतो त्याला रॉक म्हणायचं नाही तर काय भावगीत म्हणायचं? 1972 मध्ये या लोकांनी रेकॉर्डच्या दोन्ही बाजू भरून एकच गाणं दिलं, चाळीस मिनिटांहून लांब, आणि तो अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला. ख्याल ऐकत वाढलेल्यांना चाळीस मिनिटांचं काय कौतुक! पण इथे ते धाडसच होतं. पुढे 1989 मध्ये हार्ड रॉक-मेटलचं पहिलंवहिलं ग्रॅमी मेटॅलिका या मेटल बँडला डावलून टलला मिळालं. मेटलवाले अजून डूख धरून आहेत. मेटॅलिका मात्र 2009 मध्येच आत जाऊन बसली.

काका वर म्हणतात, "तुला इंडियात रॉक कुठे ऐकायला मिळालं?" मुंबईच्या रिदम हाउस दुकानात कॅसेट चाळत तासन् तास उभं राहणं, रंगभवनातल्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाला गर्दीत चेंगरून घेणं, हे यांना कुठून सांगायचं? मी एवढंच सांगितलं की 2001 मध्ये तुम्ही ज्या क्वीन बँडला आत घेतलंत, त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीत शिकला आणि पहिला बँडही त्याने तिथेच काढला. काकांनी लगेच फोनवर शोधून पाहिलं. पुढचे दोन दिवस जरा आदराने वागले. (फ्रेडीशी माझा संबंध सातारा जिल्ह्यापुरताच, पण ते कशाला सांगा.)

खरी गोम आहे निवडीत. नावं ठरवते एक समिती, मग हजाराहून जास्त कलाकार, अभ्यासक आणि धंद्यातली माणसं मत देतात. चाहत्यांनाही मत असतं, पण लाखो मतं पडली तरी त्यांची मिळून मतपत्रिका एकच. 2020 मध्ये डेव्ह मॅथ्यूज बँड त्यात पहिला आला, 2025 मध्ये फिश हा बँड. दोघांनाही त्या वर्षी दार उघडलं नाही. साहित्य संमेलनाध्यक्षाच्या निवडणुकीतल्या हजारभर मतदारांना आपण किती नावं ठेवायचो! आपण निदान 2018 मध्ये ती निवडणूकच मोडीत काढली.

तरी या गावाचं एक मानलं पाहिजे. 1952 मध्ये रेडिओ निवेदक ॲलन फ्रीडने इथे मूनडॉग कॉरोनेशन बॉल हा रॉकचा सुरुवातीचा जलसा भरवला, त्या पुण्याईवर क्लीव्हलंडने सहा लाख सह्या गोळा करून हॉल स्वतःकडे ओढून आणला. 1995 मध्ये आय. एम. पेईंनी आराखडा केलेला तो काचेचा पिरॅमिड ईरी सरोवराच्या काठी उभा राहिला. आत घेण्याचा सोहळा मात्र वर्षानुवर्षं बहुतेक न्यूयॉर्कमध्येच व्हायचा, हे दुखणं इथले लोक आजही बोलून दाखवतात. आमच्या गल्लीत बर्फ उपसायला येणारा ट्रकवालाही इंजिन चालू ठेवून रशवर दहा मिनिटं बोलतो. टोरंटोच्या या बँडला अमेरिकेत पहिल्यांदा उचलून धरलं ते क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएस रेडिओने, 1974 मध्ये. हॉलने आत घेतलं 2013 मध्ये! माझी आई म्हणते, "एवढ्या लांब जाऊन गाण्यांवरून भांडतोस?" पण हवापाण्याच्या गप्पांत ज्या शेजाऱ्याचं नावही कळलं नव्हतं, त्याचा तरुणपणीचा सगळा इतिहास मला एका बँडवरून कळला. शिवाय पुण्यात तरी मी दुसरं काय करत होतो?

परवा काकांनीच तडजोड काढली. ज्युडास प्रीस्ट या मेटल बँडला 2022 मध्ये मतदानातून नाही, तर समितीच्या 'म्युझिकल एक्सलन्स' सन्मानातून आत घेतलं, तसं टललाही घ्यावं म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. नामांकन हवं, मतदान हवं आणि त्या मतपत्रिकेवर काकांनी टलसमोर खूण केलेलीही हवी. "ती खूण विसर," म्हणाले आणि डबा धुवायला उठले.