वायरमनची दहावी : गणिताचे दोन पेपर

नागपुरात मानेवाडा रिंग रोडच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत जे फ्लॅट उभे राहिले, त्यातल्या बऱ्याच भिंतींत माझ्या हातचे पाइप आहेत. शाळा नववीतच सुटली होती. कामाचं त्याने काही अडलं नाही, पण कागद मागितला की अडायचं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करायचा तर दहावी पास लागते, तीही विज्ञान आणि गणित घेऊन. कागद नसला की ठेकेदार हेल्परचा रेट लावतो, हात कितीही चालो. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही हे कळलं आणि शाळेत न जाता दहावीला बसणाऱ्या खाजगी विद्यार्थ्यांचा फॉर्म नंबर १७ भरून टाकला.

बाकीच्या विषयांचं इथे सांगत नाही. मराठी, इतिहास वाचून होतात. गणित वाचून होत नाही, म्हणून त्याचंच लिहितो.

आधी पेपर नीट समजून घेतला. पंचवीस सर्किटच्या घरात आधी लोड काढतात, मग वायर आणतात. इथेही तेच केलं. गणिताचे दोन पेपर असतात, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती. प्रत्येकी ४० मार्क, दोन तास. अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून शंभर, आणि पास व्हायला सगळे मिळून ३५. दोन तासांत चाळीस मार्क, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं. आणखी एक गोष्ट पेपर समोर ठेवून मोजल्याशिवाय दिसत नाही. पहिला प्रश्न एक-एक मार्काच्या आठ सोप्या उपप्रश्नांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या 'अ' भागात 'कृती पूर्ण करा' म्हणून चौकटी असतात, त्यांचे चार आणि तीन असे सात मार्क. उत्तराचा सांगाडा छापूनच दिलेला, आपण फक्त रिकाम्या चौकटी भरायच्या. आठ आणि सात पंधरा, दोन्ही पेपरचे तीस. ज्याला गणिताचं नाव काढलं की घाम फुटतो त्याने सुरुवात इथून करावी. चौथ्या प्रश्नातल्या चार-चार मार्कांच्या उदाहरणांनी घाबरून लोक पुस्तकच मिटतात.

पुस्तकं बालभारतीची, त्यांची पीडीएफ फुकट मिळते. वर बर्डीच्या बाजारातून एक जुनं गाइड आणलं. रात्री जेवण झालं की गाइड उघडून सोडवलेली उदाहरणं वाचायचो आणि छान वाटायचं. सगळं कळत होतं. माझी पुतणी त्याच वर्षी दहावीला होती, ट्यूशनहून आली की बाजूला बसायची. दोन-चार रात्री तिने पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही गणित पाहून राहिले, सोडवून नाही राहिले."

"कळून राहिलं ना मले."

"मग करा बंद गाइड. हे घ्या, करा."

कागद कोरा समोर आला आणि पहिली ओळ काय लिहायची तेच सुचेना. त्या दिवसापासून गाइड तिच्या ताब्यात. मी सोडवायचं, तिने तपासायचं, आणि अडलं तर पुढची एकच ओळ सांगायची, पूर्ण उत्तर नाही. मास्तरीण कडक होती.

वर्गसमीकरणापाशी मी सगळ्यात जास्त वेळ दिला. सूत्र पाठ करणं सोपं, गोची चिन्हांची. समजा समीकरण आहे दोन एक्स-वर्ग वजा पाच एक्स वजा तीन बरोबर शून्य. घाईत माणूस थेट सूत्रात आकडे टाकतो. पुतणीने सक्ती केली की आधी स्वतंत्र ओळीत लिहायचं : ए बरोबर २, बी बरोबर उणे ५, सी बरोबर उणे ३. मग पुढची ओळ फक्त बी-वर्ग वजा चार-ए-सी ची. उणे पाचाचा वर्ग २५, अधिक. वजा चार गुणिले दोन गुणिले उणे तीन, म्हणजे अधिक २४. बेरीज ४९, वर्गमूळ ७. मग वजा बी म्हणजे अधिक ५. पाच अधिक सात भागिले दोन-ए, म्हणजे चार, उत्तर ३. पाच वजा सात भागिले चार, उत्तर उणे एक छेद दोन. ज्याला उणेच्या कंसाचा कंटाळा येतो त्याचं २५ वजा २४ होऊन एकच उरतो, आणि गंमत म्हणजे एकाचंही वर्गमूळ निघतं, त्यामुळे चुकल्याचा संशयही येत नाही. म्हणून उत्तर परत समीकरणात टाकून पाहायचं. तीन टाकले : अठरा वजा पंधरा वजा तीन, शून्य. अर्ध्या मिनिटाचं काम. आम्ही मेन चालू करण्याआधी टेस्टर लावतोच की.

पायऱ्या लिहिण्याचा दुसरा फायदा मार्कांचा. शेवटचं उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे मार्क मिळतात. तोंडी हिशेब करून फक्त उत्तर ठोकायची आम्हा कामकरी माणसांची सवय इथे महाग पडते.

अर्थनियोजनाचं प्रकरण मात्र घरचं निघालं. इलेक्ट्रिकच्या दुकानातलं बिल रोज हातात असतं, वायरवर १८ टक्के जीएसटी, त्यातला ९ केंद्राचा आणि ९ राज्याचा. दहा हजारांच्या मालावर ९०० आणि ९००, बिल ११,८००. पुस्तकात उलटं विचारतात : करासह ११,८०० दिले, तर करपात्र किंमत किती? बरीच पोरं ११,८०० चे १८ टक्के काढून वजा करतात आणि ९,६७६ वर येतात. कर दहा हजारांवर लागला होता, बिलाच्या एकूण रकमेवर नाही. म्हणून ११,८०० ला शंभराने गुणून ११८ ने भागायचं. हे मी पुतणीला समजावलं, तेव्हा जरा बरं वाटलं. त्याच प्रकरणातले शेअर्स, दर्शनी किंमत, बाजारभाव हे काही केल्या डोक्यात शिरलं नाही, सोडून दिलं. पेपरात पर्याय असतात ते कशाला?

दोन चलांची दोन समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत आवडली. तीन निश्चयक काढा, म्हणजे चार आकड्यांचे तिरके गुणाकार करून वजाबाकी, भागा, संपलं. डोकं कमी, हात जास्त. संभाव्यतेत नाणी, फासे आणि पत्ते. पत्त्यांचं आम्हाला शिकवायची गरज नव्हती.

भूमितीत प्रमेयांची सिद्धता मी मोजकीच केली. रचना मात्र रोज. कंपास, पट्टी, टोकदार पेन्सिल. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची, नाहीतर दिलेल्या गुणोत्तरात समरूप त्रिकोण. पेपरवर सूचनाच छापलेली असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. भिंतीवर ओळंबा लावून रेघ मारणाऱ्या माणसाला हे मार्क सोडवत नाहीत. स्वच्छता म्हणून खुणा खोडून टाकणारी हुशार पोरं असतात, त्यांच्यासाठी सांगतो.

त्रिकोणमितीतल्या शिडीवर मात्र आमचं भांडण झालं. सहा मीटरची शिडी जमिनीशी ६० अंशांचा कोन करते, तर ती भिंतीला किती उंचीवर टेकेल? साइन ६० घ्या, तीन रूट तीन, म्हणजे ५.२ मीटरच्या आसपास. उत्तर आलं. पण पायथा भिंतीपासून किती? कॉस ६० म्हणजे अर्धा, तीन मीटर! मी म्हटलं, अशी शिडी लावली तर माणूस वर आणि शिडी खाली. आमचा नियम चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, म्हणजे टॅन चार. ६० अंशांचा टॅन फक्त १.७३. खऱ्या शिडीचा कोन ७५ च्या वर असतो. पुतणी म्हणाली, "काका, पेपरात शिडीवर चढाचं नाही आहे, कोन देला तो घ्या अन् पुढं चला." बरोबर होतं तिचं. पण या भांडणामुळे साइन, कॉस, टॅन कोणाचं काय ते कायमचं बसलं. समोरची बाजू भिंत, लगतची जमीन, कर्ण म्हणजे शिडी. पेपरात दीपगृह असो की पतंग, मी मनात शिडीच लावली.

सराव साइटवरच जास्त झाला. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की झिरी पाडलेल्या भिंतीला टेकून एक उदाहरण. वहीवर सिमेंटची धूळ असायची. शेवटचा महिना मात्र फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, मोबाइलवर दोन तासांचा गजर लावून. वेळ लावल्याशिवाय केलेला सराव अर्धाच असतो. घड्याळ चालू असलं की कोणत्या प्रश्नावर अडकून बसतो ते लगेच दिसतं. मी महत्त्वमापनावर अडकायचो, शंकू आणि वृत्तचितीच्या गुणाकारांत. गणकयंत्र चालत नाही. उपाय एवढाच की २२ छेद ७ टाकल्यावर आधी काटाकाटी करायची, मग गुणायचं.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या गेटवर मला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं. हॉल तिकीट दाखवलं तेव्हा सोडलं. बीजगणित चांगलं गेलं, भूमितीला शेवटचं उदाहरण अर्धं राहिलं, तरी जेवढ्या पायऱ्या येत होत्या तेवढ्या लिहून आलो. शंभरात ६१ पडले. पुतणीला माझ्यापेक्षा बरेच जास्त, ते तिने आठवडाभर ऐकवलं.

आता श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयचा पर्याय प्रवेश अर्जात सगळ्यात वर टाकला आहे, इलेक्ट्रिशियनचाच. प्रवेश मेरिटने होतो. फॉर्म १७ भरणाऱ्यांनी मंडळाच्या वेबसाइटवरच्या तारखांवर लक्ष ठेवा, आणि संपर्क केंद्र म्हणून जी शाळा मिळेल तिथे आधीच जाऊन अंतर्गत मूल्यमापनाचं काय काय द्यायचं ते विचारून घ्या. पेपरात एकेका मार्कासाठी तीन मिनिटं घासायची आणि ते वीस मार्क आळसाने घालवायचे, हा व्यवहार काही पटत नाही.