तुम्ही विचारलेत म्हणून: मी दाखला का देत नाही

जुन्या लष्करी पिशव्या, पट्टे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन म्हापशाला माझ्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण निघताना तेच विचारतो: एवढे सगळे कळते, तर वस्तू अस्सल असल्याचे दोन ओळींत लिहून द्यायला तुमचे काय जाते? मी पैशांसाठी अडून बसलो आहे, असेही काहींना वाटते. तपासणीचा एक रुपयाही मी घेत नाही, हे पुन्हा एकदा नमूद करून उत्तर देतो.

गोव्यात सापडणारी प्रत्येक बाटली 19 डिसेंबर 1961 रोजी शरण आलेल्या पोर्तुगीज सैनिकाचीच असते. तिच्यावरचा बाण, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण, बोट ठेवून दाखवला तरी मालकाचा चेहरा बदलत नाही. मुक्तीसाठी आलेल्या आपल्या जवानांच्या अंगावरही 1937 च्या नमुन्याचे, ब्रिटिश वळणाचेच पट्टे होते. तेव्हा 1942 चा शिक्का असलेली पिशवी इटलीच्या आघाडीवर जाऊन आलेली असेल, गोव्यात आलेली असेल, किंवा कोठारातून थेट भंगारात गेलेली असेल. पिशवी अस्सल असली म्हणून तिच्याबद्दल घरात सांगितली जाणारी हकीकत खरी ठरत नाही, आणि दाखला मागणाऱ्याला तर दोन्ही एकाच कागदावर हवे असते.

पितळी बकलाजवळ कापडात उतरलेला हिरवा कळंक वयाची खूण मानतात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तो दोन पावसाळ्यांत येतो. शिक्क्याची शाई धाग्यांत मुरलेली आहे की साचलेल्या मळावर बसली आहे, हा निकष मात्र मी अजूनही मानतो.

आता डिचोलीची गोष्ट. ती आजवर मी टाळत आलो.

सावंतवाडीकडचे एक गृहस्थ मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले होते. त्यांची हॅवरसॅक त्यांच्या मुलाने काचेच्या चौकटीत लावायला काढली आणि खात्री करण्यासाठी मला बोलावले. बाण होता, 1942 होते, बकले पितळेची होती. मी खिडक्या लावून घेतल्या आणि अतिनील दिवा लावला. पिशवी निळसर पांढरी उजळली, शिवणीपासून झाकणापर्यंत सगळी. कापडाला उजळपणा देणारी ही रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, म्हणून युद्धकाळातले सुती कापड या दिव्याखाली मंद, मळकटच दिसायला हवे, हे मला पाठ होते. कोपऱ्यात बसलेल्या मुलाच्या आई काही सांगू लागल्या. मी म्हणालो, "आजी, जरा थांबा," आणि मुलाकडे वळून निकाल दिला: पिशवी 1950 नंतरची, शिक्का मागाहून मारलेला. दिवा खोटे बोलत नाही, हे वाक्य तेव्हा मी अभिमानाने वापरत असे, आणि त्या दिवशीही वापरले. आजी पुन्हा बोलल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. मेणबत्ती सापडेना, म्हणून मी तोच दिवा पेटवला. दोरीवर वाळत घातलेले बनियन उजळले, त्यात नवल नव्हते. पण शेजारी आईच्या 1946 सालच्या लग्नातल्या लुगड्याची गोधडीही तशीच उजळली. धुण्याची पावडर. मी अंधारात तसाच बसून राहिलो.

सकाळी पहिल्या बसने डिचोलीला गेलो. आजींनी सांगितले की दर दिवाळीला त्या ती पिशवी यजमानांच्या पांढऱ्या सदऱ्यांबरोबर, त्याच टिनोपालच्या, म्हणजे कपड्यांना उजळपणा देणाऱ्या रसायनाच्या, बादलीत बुडवत असत. त्या दिवशी त्या हेच सांगत होत्या. पिशवी कुठे आहे, असे मी विचारले. खोटी निघाली म्हणून मुलाने ती भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

मी टाकायला सांगितले नव्हते, हे खरे आहे. शिवणीचा एक धागा जाळून पाहिला असता तर सुती असल्यास कागदासारखा वास आणि राख, पॉलिएस्टर असल्यास वितळून कडक गुठळी, एवढे पाच मिनिटांत कळले असते. ते मी केले नाही, हेही खरे आहे. अर्थात धागा सुती निघाला असता तरी सुती धागा आजही बाजारात मिळतो. आणि त्या काळातला मी आज समोर आलो तर विचारेन की दिव्याने खोटे सांगितले कुठे? त्याने पिशवी उजळते एवढेच सांगितले, 1950 तर तूच म्हणालास. यावर तो मला विचारेल की मग तू आता कशाच्या भरवशावर बोलतोस, आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

झाल्या प्रकाराची माफी मागितल्यावर त्या मुलाने मला काय विचारले असेल? पिशवी अस्सल होती असे लिहून द्याल का, आईला दाखवायचे आहे. मी दिले नाही. तुम्हाला हा हेकटपणा वाटेल. माझ्या पत्नीलाही वाटतो.

त्या पिशवीचे एक छायाचित्र माझ्याकडे आहे. ते मी अधूनमधून मोठे करून पाहतो. बाणाची डावी रेघ तुटलेली आहे, 2 चा शेपटा पुसट आहे, आणि शाई धाग्यांत मुरली आहे असे एका दिवशी वाटते. दुसऱ्या दिवशी वाटते की छायाचित्रच थोडे हलले आहे.